आवडलं आणि चांगलं

मित्रहो, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: व्हिडिओ गेममधली कलात्मकता वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ? मी आधी तुम्हाला गिरगावातल्या आमच्या चाळीत नेतो. नव्वदच्या दशकात मामाने लॅमिंग्टन रोडवरून एक टीव्ही गेम आणला. कॅसेटच्या लेबलवर ९,९९९ गेम, आत तेच वीस-पंचवीस फिरून फिरून. त्यातला मारियो आम्ही सगळ्यात जास्त खेळलो.

त्याच्या पहिल्या लेव्हलची सुरुवात आठवा. समोरून एक रागीट चेहऱ्याचं ध्यान चालत येतं. नुसते उभे राहिलात तर मेलात. मग बटणं चाचपता आणि उडी मारायला शिकता. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं आणि लांब जातं. तुम्ही सुस्कारा सोडता, तेवढ्यात ते पाइपवर आपटून उलटं तुमच्याच अंगावर येतं. दिसायलाही मघाच्या त्या ध्यानासारखंच. घाबरून उडी मारली तर वर विटांची ओळ. डोकं आपटतं, तुम्ही खाली, आणि मशरूम लागतंच. लागल्यावर कळतं, अरे, आपण तर मोठे झालो! १९८५ सालचा हा गेम. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अक्षर न लिहिता हे शिकवलं. आम्हा पोरांना तेव्हा धड इंग्रजी येत नव्हतं, आणि काही अडलं नाही.

आता मारियो आवडतो की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्या चुलतभावाला तो कंटाळवाणा वाटायचा, त्याला रणगाड्यांचा गेम हवा असायचा. पण तो पाइप नेमका तिथे आहे, हे त्याचं मत नाही आणि माझंही नाही. त्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. झालं, गेमवाल्यांनी पेढे वाटले! मला दोन्हींचं फारसं काही वाटत नाही. संग्रहालयाची पावती म्हणजे काही पुरावा नव्हे.

त्यापेक्षा आपल्याकडचं भांडण रसाळ आहे. नाटकातून रस कसा निपजतो हे सांगणाऱ्या भरतमुनींच्या रससूत्रावर टीकाकार शतकानुशतकं भांडले ते याच मुद्द्यावर: रस राहतो कुठे? मूळ रामात, रामाचं काम करणाऱ्या नटात, की समोरच्या सहृदयात, म्हणजे जाणत्या रसिकात? त्यातला काश्मीरचा टीकाकार अभिनवगुप्त म्हणतो, सहृदयात. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते उगीच नाही. पेल्याला काही मद्याची चव कळत नाही.

गेममध्ये मात्र पेलाच पिऊ लागतो. नट तुम्ही आणि प्रेक्षकही तुम्हीच.

लुकास पोप यांचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’ घ्या. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. एक माणूस येतो, त्याची कागदपत्रं बरोबर असतात. जाता जाता म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. शिक्का तुमच्या हातात. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापला जातो, आणि घरी पोराच्या औषधाचा प्रश्न असतो. म्हणजे रोज दोनदा दया फुकट. मी त्या बाईसमोर बसून काय केलं असेल? आज आपल्या किती चुका झाल्या, ते मोजलं! कुठल्याही नाटकाने मला इतकं शरमिंदं केलेलं नाही. ती शरम माझी, अगदी खासगी. पण ती उपजली ‘दोन चुका माफ’ या नियमातून, आणि तो नियम कोणीतरी विचार करून बसवलाय. तो गेम मी पुरा करू शकलो नाही. मला तो आवडत नाही. तो थोर आहे, असं मात्र मी कुठेही सांगेन.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही तिसऱ्या लेव्हलला मरता आणि वर मत देता.” बरोबर आहे त्याचं. ज्याला तालच कळत नाही, त्याला समेवर येण्याची गंमत कशी कळणार? सहृदयालाही रियाज लागतो. फक्त रियाज झालेल्याने “तुला नाही कळणार” म्हणून उठून जाऊ नये. पाइप कुठे आहे ते दाखवावं.

आमच्या मामीने एकदाच रिमोट हातात घेतला होता, तोही पोळ्या करताना, पिठाच्या हाताने. मशरूम परत फिरलं तशी ती “अगंबाई!” म्हणून उडाली, डोकं आपटलं आणि मोठी झाली. “मी तर पळत होते,” म्हणाली, “मिळालं कसं?” मग रिमोट पुसून आम्हाला दिला आणि परत पोळपाटाकडे गेली. तो गेम काही तिला आवडला नाही.