आठ नंबर

(दृश्य: सोसायटीतल्या एका फ्लॅटचं दार. बाहेर चपलाबुटांचा ढीग. आतून आरतीचा आवाज.)

सत्यनारायणाची पूजा आहे. दाराबाहेर बत्तीस जोड आहेत. मी मोजले, कारण मी उशिरा पोचलो आणि आत उभं राहायला जागा नव्हती. चपला आणि सँडल सोडून द्या. राहिलेल्यांत नऊ जोड असे, की ज्यांना लेस नाही, बक्कल नाही. पाय सरकवला की झालं. लोफर, मोकासिन, कॅनव्हासचे स्लिप-ऑन.

त्या नवांपैकी सहांची टाच चेपलेली आहे. म्हणजे मागची उभी बाजू आत दुमडून, तिच्यावर पाय देऊन, चांगल्या बुटाची सपाता केलेली.

(दृश्य: एका तपकिरी लोफरचा जवळून फोटो. टाचेचं कातडं मोडलेलं.)

हा जोड माझ्या वडिलांचा. आठ नंबर. बाबा गेली चाळीस वर्षं आठ नंबर घालतात. नंबर विचारला, तर जन्मतारीख सांगावी तसा सांगतात, आणि तो बदलू शकतो हे त्यांना तितकंच अमान्य आहे.

गंमत अशी, की हा बूट त्यांना मोठा होतो. चालताना टाच मागून सुटते, फटफट आवाज येतो. आणि तरीही घालताना तो घट्ट लागतो, म्हणून टाच चेपली जाते. एकच बूट सैलही आणि घट्टही कसा?

हे कोडं आमच्या एका घरातलं नाही. तुमच्या दाराबाहेर बघा.

(दृश्य: टेबलावर फूटपट्टी, शेजारी जवाचे तीन दाणे एका रेषेत.)

आधी हा 'आठ' म्हणजे काय ते बघू. आपल्या दुकानांत जो नंबर चालतो, तो इंग्रजांचा. त्याचं माप जवाच्या दाण्यावर आहे. तीन दाणे लांबीत मांडले की एक इंच. एक नंबर वाढला, की बूट एका दाण्याने वाढतो, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. (आपल्याकडेही जव मापाला होताच. आठ यवांचं एक अंगुल. फक्त आपण दाणे आडवे मोजत होतो.)

मोठ्यांच्या बुटाचा हिशेब असा: फर्म्याची लांबी इंचात घ्या, तिला तिनाने गुणा, पंचवीस वजा करा. अकरा इंची फर्मा असेल, तर तेहेतीस वजा पंचवीस, आठ.

फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा साचा. पूर्वी लाकडाचा असायचा, आता बहुतेक प्लास्टिकचा. त्याच्यावर कातडं ताणून बूट बेततात. आणि खरी गोम इथे आहे. नंबर पायाचा नसतोच, तो या साच्याचा असतो. अकरा इंच म्हणजे जवळपास २८ सेंटिमीटर. त्यात जो पाय बसायचा, तो साधारण साडेसव्वीसचा. मधलं दीड सेंटिमीटर कुठे ठेवायचं, टोकाला किती आणि कसं, हे साचा करणारा ठरवतो. टोकदार बुटात बरीचशी जागा नुसती दिसण्यासाठी असते, तिथे बोट पोचतच नाही. म्हणून एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या आठ नंबरशी जुळत नाही, आणि त्यात कुणी फसवतंय असं नसतं.

युरोपचा नंबर वेगळा. तिथे पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची, म्हणून आपला आठ तिथे बेचाळीसच्या आसपास जातो. अमेरिकेतला पुरुषांचा नंबर बहुतेक तक्त्यांत आपल्यापेक्षा एकाने पुढे. माझ्या आत्याच्या मुलाने न्यू जर्सीहून बाबांसाठी प्रेमाने आठ नंबर आणला होता. तो तिथला आठ, म्हणजे इथला सात. बाबांनी डबा उघडला, पाय अर्धा घातला, "अमेरिकेतला माल हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही" म्हणाले आणि बूट माझ्या चुलतभावाला दिला.

तो बूट त्यांनी पूर्ण घालून बघायला हवा होता. का, ते पुढे कळेलच.

(दृश्य: भिंतीला टाच टेकवून उभा असलेला पाय. खाली कागद. पेन्सिल.)

संध्याकाळचे सात वाजलेत. बाबांना भिंतीशी उभं केलंय. संध्याकाळ मुद्दाम निवडली, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, फुगतं. उभंही मुद्दाम केलंय. वजन आलं की तळव्याची कमान दबते, पाऊल लांब होतं आणि रुंदही. बसून घेतलेलं माप हे बसणाऱ्या माणसाचं माप. पेन्सिल सरळ उभी धरायची, आत कलती नाही, आणि दोन्ही पायांचं माप घ्यायचं. दोन पावलं तंतोतंत सारखी क्वचितच असतात. बूट घ्यायचा तो मोठ्या पावलाला.

बाबांचा डावा पाय पंचवीस पूर्णांक सहा सेंटिमीटर. उजवा पंचवीस पूर्णांक सात.

साडेसव्वीस नाही. लांबीने हा पाय सात नंबरचा आहे.

मग आठ कुठून आला? विचारलं, तर एकोणीसाव्या वर्षापर्यंत मागे जावं लागलं. पहिली नोकरी. आजोबांनी लेसचे काळे बूट घेऊन दिले, आणि आपल्या घरांतल्या रीतीप्रमाणे वाढत्या अंगाचे. "पाय वाढेल अजून," म्हणाले. पुढे कापूस कोंबला. पाय वाढला नाही. नंबर मात्र तोच राहिला.

(दृश्य: रंगीत रेषांनी आखलेलं पावलाचं त्रिमित चित्र, पडद्यावर फिरतंय.)

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांची पावलं मोजली. कशासाठी, तर इंग्रजांचे नंबर सोडून भारतीय पायाची स्वतःची मापं ठरवावीत म्हणून. या नव्या पद्धतीला नाव दिलंय 'भा', भारतातला भा. त्या पाहणीत दिसलं की मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास भरात येते, मुलांची पंधरा-सोळाव्या. आजोबांना हे कळतं, तर कापसाचा खर्च वाचला असता.

पण आपल्या कोड्याचं उत्तर त्या पाहणीच्या दुसऱ्या निष्कर्षात आहे. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं.

आता बाबांच्या कागदाकडे परत बघा. लांबी सात नंबरची. पण चवड्याशी, अंगठ्याच्या सांध्यापासून करंगळीच्या सांध्यापर्यंत, पाऊल चांगलंच पसरलंय. सात नंबरचा सर्वसाधारण बूट इथे आवळतो. दुकानात रुंदी विचारायची आपल्याला सवय नाही, बहुतेक दुकानांत ती मिळतही नाही. मिळतो फक्त पुढचा नंबर. पुढच्या नंबरात साचा लांब होतो, तसा थोडासा रुंदही होतो. म्हणून आपण थोड्या रुंदीसाठी भरपूर लांबी विकत घेतो.

लेसच्या बुटात ही लबाडी खपून जाते. लेस आवळली की पाऊल मागे टाचेत दाबलं जातं, पुढची रिकामी जागा कुणाला दिसत नाही. स्लिप-ऑनला आवळायला काहीच नाही. तो पायावर राहतो तो नुसत्या आकाराच्या जोरावर. मागून टाचेने धरायचं, वरून पावलाच्या उंचवट्याने. बस. लांबीत एक दाणा जास्त झाला, की टाच सुटलीच.

लेस नाही म्हणून हा बूट सोयीचा, आणि सोयीचा म्हणून आपण तो निष्काळजीपणे घेतो. खरं तर मापाच्या बाबतीत इतका खट्याळ बूट दुसरा नाही.

(दृश्य: रात्रीचं प्लॅटफॉर्म. गर्दी. फक्त पावलं दिसतात.)

सैल बुटात पाय काय करतो माहितीये? बोटं आत वळवून बूट पकडून ठेवतो. आपल्या नकळत, प्रत्येक पावलाला. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, आणि आपण म्हणतो वय झालं. बेलीज, म्हणजे बायकांचे ते सपाट, बिनलेसचे बूट, घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. बहिणीने सांगितलं, ऑफिसच्या जिन्यावरून उतरताना तिचं अर्धं लक्ष बोटांत असतं. तिच्या बेलीजच्या काठाला इलॅस्टिक आहे, पण ते टाचेला काचतं. म्हणजे सैल बूट पडू नये म्हणून घट्ट दोरी.

माझा स्वतःचा एक लोफर दादरला लोकलमध्ये चढताना निसटून रुळांवर गेला. दुकानदाराने विकताना सांगितलं होतं, "जरा मोठाच बरा, साहेब, मोज्याबरोबर घालाल." मी तो कधीच मोज्याबरोबर घातला नाही. उरलेला एक अजून घरात आहे. टाकवत नाही.

(दृश्य: दुकान. उतरत्या पाटाचा स्टूल, खाली तिरका आरसा.)

शनिवारी बाबांना घेऊन दुकानात आलोय. इथे दोन वाक्यं ठरलेली असतात. बूट घट्ट असला, तर "वापरून सैल होईल". सैल असला, तर "आत सोल टाकून देतो". दोन्ही कधी खरी असतात, कधी नाही. ते बूट कशाचा आहे यावर.

कातडं सैल होतं, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. म्हणून चवड्याशी किंचित आवळणारा कातडी लोफर चालेल, अंगठा पुढे टेकणारा कधीच चालणार नाही. रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम कातडं फारसं सैल होत नाही, ते पहिल्या दिवशी चावलं तर शेवटच्या दिवशीही चावेल. विणकामासारखा ताणणारा बूट दुकानात सगळ्यांनाच छान बसतो, त्यामुळे तिथे पायावर विश्वास ठेवू नये, जिना उतरून बघावा. आणि तागाच्या दोरीचा तळ असलेले एस्पाड्रिल, स्पेन-फ्रान्सकडचे, ते तर मुद्दाम अंगासरशी घेतात. कापड ताणतं, ताग दबतो, थोड्याच दिवसांत ते ऐसपैस होतात.

लोफरचा टाचेशी थोडासा खेळ मात्र माफ आहे. नवा तळ कडक असतो, पाऊल वाकतं तसा तो वाकत नाही, म्हणून टाच किंचित उचलली जाते. तळ मऊ झाला की हे कमी होतं. पण प्रत्येक पावलाला बूट मागे राहत असेल, तर तो खेळ नव्हे, तो नंबर चुकलाय.

आणखी एक माप आहे, ते सहसा कुणी घेत नाही. टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचं. चालताना पाऊल तिथे वाकतं, बूटही तिथेच वाकायला हवा. अमेरिकेत सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनक यांनी १९२०च्या दशकात पाय मोजायचं एक धातूचं यंत्र केलं, त्यात लांबी, रुंदी आणि हे तिसरं माप, तिन्ही मिळतात. बोटं आखूड आणि मागचं पाऊल लांब, असे पाय असतात. त्यांना नुसत्या लांबीवर बूट दिला तर तो भलत्याच जागी मोडतो.

दुकानात बहुतेक माणसं काय करतात? अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघतात. ही शाळेच्या बुटांची सवय, आईने लावलेली. स्लिप-ऑनमध्ये आधी टाच बघा, मग वरचा उंचवटा, मग चवडा. टोक शेवटी. मधुमेह असेल तर पायाच्या जाणिवेवर जाऊ नका, ती बोथट झालेली असू शकते. हात घालून आतली शिवण चाचपा, आणि घरी आल्यावर पाय लाल झालाय का ते बघा.

(दृश्य: बाबा बूट घालतायत. हातात शूहॉर्न, टाच बुटात सरकवायची पट्टी.)

बाबांपुढे मोकासिन ठेवलाय. यात कातडं तळाखालून वर येऊन पावलाला झोळीसारखं धरतं, त्यामुळे बाजूंना सोडतं. याच प्रकारचा बूट नॉर्वेतल्या ऑरलंडहून अमेरिकेत गेला आणि १९३६ साली 'वीजन' नावाने लोफर म्हणून विकला गेला. नॉर्वेजियनचा अपभ्रंश. पण बाबांना इतिहासात रस नाही. त्यांचं लक्ष डब्यावरच्या आकड्याकडे आहे.

"हा सात आहे."

"घालून तर बघा."

शूहॉर्न लावून पाय आत गेला. टाच न चेपता. उभे राहिले, दुकानाच्या टोकापर्यंत गेले, बाहेरच्या तीन पायऱ्या उतरले, चढले. फटफट आवाज नाही. चवड्याशी थोडा धरतोय म्हणाले, डाव्याला कमी, उजव्याला जास्त. बरोबर, उजवा एका मिलिमीटरने मोठा आहे. कोपऱ्यावरच्या गटई स्टॉलवाल्याकडे रात्रभर फर्म्यावर चढवून ठेवला, तर तेवढं सुटेल.

बाबा परत स्टूलवर बसले. बूट काढला, उलटा करून तळ बघितला, पुन्हा आकडा बघितला. मग दुकानदाराला विचारलं,

"आठची किंमत काय?"

"काका, तीच. सगळ्या नंबरांना एकच."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तेवढ्याच पैशात लहान बूट?"