नळी घालण्याआधी

(दृश्य: ऑपरेशन थिएटरचं दार. बाहेरच्या बाकावर आई, मांडीवर मुलीचे काढून ठेवलेले कपडे आणि पैंजण.)

"सोनोग्राफी? पण तिचं तर टाळूचं ऑपरेशन आहे ना मॅडम?"

आईचा प्रश्न रास्त आहे. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं, बाळंतपण आठवतं. गळ्याचीही सोनोग्राफी होते, तीही श्वासाची नळी घालण्यासाठी, हे तिला आजवर कुणी सांगितलेलंच नाही.

मुलगी चार वर्षांची. टाळू जन्मापासून दुभंगलेला. ऑपरेशन व्हायला हवं होतं त्यापेक्षा उशिरा आली आहे. वयाने चार, पण अंगाने तीनचीही वाटत नाही. भूलतज्ज्ञांची काळजी इथूनच सुरू होते.

शस्त्रक्रिया तोंडातच असल्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं भाग आहे. नळी सैल बसली तर रक्त आत उतरू शकतं. घट्ट बसली तर श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर दाबलं जातं, सुजतं. ही सूज मुलांना किती महागात पडते, त्याचा हिशेब मांडून बघा. मोठ्या माणसाची श्वासनलिका 8 मिलिमीटर धरली आणि तिच्या आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली, तरी हवेला निम्म्याहून जास्त वाट उरते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका 4 मिलिमीटरची. तेवढ्याच सुजेने तिथे जेमतेम चतुर्थांश वाट उरते. नळी काढल्यावर येणारा तो घोगरा, भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना होणारी घरघर ज्याने एकदा ऐकली, तो पुढच्या मुलाच्या नळीचा साइज दोनदा बघतो.

साइज ठरवायचा कसा? पिढ्यान् पिढ्या पाठ केलेलं सूत्र आहे: वयाला चाराने भागा, त्यात चार मिळवा. येतो तो नळीच्या आतल्या पोकळीचा मिलिमीटरमधला आकडा. नळीला फुगवायचा फुगा (इंग्रजीत 'कफ') असेल तर चाराऐवजी साडेतीन मिळवा. साधं आहे, रात्री दोन वाजताही आठवतं. म्हणूनच ते टिकलं. पण त्याला फक्त वय कळतं. कमी वाढलेलं मूल, डाउन सिंड्रोमचं मूल (त्यांना बहुधा लहान नळी लागते), पूर्वी महिनाभर व्हेंटिलेटरवर राहिलेलं मूल, यातलं काहीच त्या सूत्राला दिसत नाही.

आणि सूत्राचं सोडा, मुलांची श्वासनलिका दिसते कशी, याचं पुस्तकातलं चित्रही बरीच वर्षं आंधळेपणानेच चालत आलं. 1897 साली मृत मुलांच्या स्वरयंत्रात प्लास्टर ओतून साचे काढले गेले. त्यांच्या आधारे 1951 मध्ये एकेनहॉफ या अमेरिकन भूलतज्ज्ञाने लिहिलं की मुलांची श्वासाची वाट नरसाळ्यासारखी असते, सगळ्यात अरुंद जागा क्रिकॉइडपाशी, म्हणजे स्वरतंतूंच्या खाली असलेल्या कूर्चेच्या कड्यापाशी. जिवंत मुलांत हे तंतोतंत लागू होईलच असं नाही, असंही त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं. तेवढं वाक्य लोक विसरले, नरसाळं लक्षात राहिलं. 2003 मध्ये झोपेचं औषध दिलेल्या, स्वतः श्वास घेणाऱ्या मुलांचे एमआरआय तपासले, तेव्हा आडव्या मापात सगळ्यात अरुंद जागा स्वरतंतूंपाशी दिसली. क्रिकॉइडचं महत्त्व मात्र उरतंच. स्वरतंतू बाजूला सरकतात. क्रिकॉइड हे कूर्चेचं अखंड कडं, ते तसूभरही हलत नाही. नळी अडते, रुतते ती तिथेच.

(दृश्य: थिएटर. मुलीच्या नाकातोंडावर मास्क. भूलतज्ज्ञ तिच्या कानाशी वाकलेल्या.)

"फुगा फुगवायचा हं पिल्लू. मोठ्ठा. अजून मोठ्ठा."

चार-पाच श्वासांत पापण्या मिटतात. मग गळ्यावर जेल आणि त्यावर सोनोग्राफीचा हॉकीच्या काठीसारखा वाकलेला, बोटाएवढा प्रोब. तो फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. एवढ्याशा गळ्यावर जरा जोर पडला तरी माप चुकतं.

पडद्याकडे बघा. ही त्रिकोणी फट, पांढऱ्या कडांची, ते स्वरतंतू. श्वासागणिक उघडतात, मिटतात. प्रोब थोडा खाली सरकवला की घोड्याच्या नालेसारखी करडी कमान येते. ते क्रिकॉइड. कमानीच्या आत लखलखीत पांढरी रेघ आहे, तिथून हवा सुरू होते. त्याखाली नुसतं धुकं, कारण हवेच्या पलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. श्वासनलिकेची मागची भिंत म्हणून इथे कधीच कळत नाही. पण आडवं माप घेता येतं, आणि मुलांमध्ये ते छान मिळतं. वयाबरोबर कूर्चेत चुना साठतो, चित्र अंधारतं. मुलांची कूर्चा मऊ, लहरींना आरपार जाऊ देणारी.

माप आलं 5.7 मिलिमीटर. सूत्राने फुग्याची साडेचारची नळी सांगितली होती. पण नळीवर छापलेला आकडा आतल्या पोकळीचा असतो. साडेचारच्या नळीची बाहेरची जाडी साधारण 6, काही कंपन्यांची त्याहूनही जास्त. ट्रेमधून साडेचारची नळी परत जाते, चारची उघडली जाते. नळी घालून, अडली म्हणून काढून, दुसरी घालून बघण्याची वेळ या गळ्यावर आली नाही. 2010 मध्ये जपानमधल्या भूलतज्ज्ञांनी हेच माप सूत्रांशी ताडून पाहिलं, तेव्हा सूत्रं मागे पडली होती.

आता एकीच्या हातात स्वरयंत्र दाखवणारा लॅरिंगोस्कोप, दुसरीच्या हातात प्रोब. नळी जाताना पडद्यावर क्षणभर थरथर उठते. ती चुकून अन्ननलिकेत गेली असती, तर श्वासनलिकेशेजारी, बहुधा डाव्या अंगाला, दुसरी गोल सावली उमटली असती. एकही श्वास पोटात न ढकलता चूक कळली असती. मग प्रोब छातीवर, आधी उजवीकडे, मग डावीकडे. बरगड्यांखाली मुंग्यांच्या रांगेसारखी चमकती रेघ दोन्हीकडे सरकते आहे, म्हणजे नळी एकाच फुप्फुसात उतरलेली नाही. शेवटचा कौल अर्थात उच्छ्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाचा. सोनोग्राफी त्याची जागा घेत नाही, आणि घेऊही नये.

(दृश्य: भिंतीवरची पाटी. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.')

ही पाटी इथे आहे, कारण हेही सोनोग्राफी मशीनच आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वात आधी, 1988 साली, महाराष्ट्राने केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या रुग्णालयाबाहेर मनाला येईल तसं नेता येत नाही, आणि ज्या कारणासाठी हा नियम आला ते कारण आपण विसरता कामा नये. पण तालुक्याच्या गावी सकाळी एका, दुपारी दुसऱ्या नर्सिंग होममध्ये जाणारे भूलतज्ज्ञ हे मशीन गाडीत टाकून नेऊ शकत नाहीत. तिथल्या मुलाच्या वाट्याला अजून सूत्रच येतं. प्रत्येक थिएटरमध्ये नोंदणी केलेलं मशीन असावं, हीच मागणी धरायला हवी.

(दृश्य: रिकव्हरी रूम. दुपार.)

नळी निघाली आहे. सिस्टर ऑक्सिजनचा मास्क धरून उभ्या आहेत. मुलगी कूस बदलते, डोळे किलकिले करते आणि भोकाड पसरते. भूलतज्ज्ञ मान कलती करून ऐकतात. घरघर नाही. आवाज घोगरा नाही.

"आईला आत बोलवा," त्या म्हणतात.