बर्फावरून आलेला फॉरवर्ड

(पडदा काळा. स्केटची पाती बर्फावर घासल्याचा आवाज. मग चित्र उजळतं.)

फिल्म फुटबॉलवरची आहे. तरी सुरुवात बर्फापासून केलीय. फुटबॉल येईल, थोडा दम धरा.

हे सेस्त्रोरेत्स्क. लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या वायव्येला, फिनलंडच्या आखाताला टेकलेलं गाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बंदुकांचा कारखाना निघाला. त्याला पाण्याची ताकद हवी होती, म्हणून नदी अडवली, आणि बांधामागे पाणी पसरून हे तळं झालं. त्याचं नावच राझलिव, म्हणजे पसरलेलं पाणी. हिवाळ्यात ते सगळं गोठतं.

व्सेवोलोद बोब्रोव्हचा जन्म 1 डिसेंबर 1922 चा, मोर्शान्स्क गावातला. पण तो वाढला इथे. घरचे त्याला सेवा म्हणायचे. मोठा भाऊ व्लादिमीर, आणि दोघांच्या हातात वाकड्या काठ्या.

(मुलं खेळताना. लांबून.)

नीट बघा, ही आइस हॉकी नाही. चकती नाही, चेंडू आहे, टेनिसच्या चेंडूएवढा. हा खेळ बँडी. रशियात याला नुसतं ‘हॉकी’ म्हणत. चकतीचा खेळ आला तेव्हा त्याला ‘कॅनेडियन हॉकी’ म्हणावं लागलं आणि हा झाला ‘रशियन हॉकी’. एका बाजूला अकरा जण. मैदान जवळपास फुटबॉलच्याच मापाचं. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग. ऑफसाइड आहे, कॉर्नर आहे. गोलकीपरच्या हातात काठीसुद्धा नसते. थोडक्यात, पायाखालची हिरवळ काढून बर्फ घातलेला फुटबॉल.

त्या पिढीतले सोव्हिएत फुटबॉलपटू उन्हाळ्यात चेंडू लाथाडायचे आणि हिवाळ्यात तोच संघ स्केट बांधून उतरायचा. आपल्याकडे पोरगं सहावीत गेलं की कोच पालकांना बाजूला घेऊन पहिलं हेच सांगतो: बाकीचे खेळ आता बंद. असो.

(संथ गतीत: एक मुलगा वेगात येतो, खांदा डावीकडे टाकतो, उजवीकडून निघतो.)

हे पुन्हा दाखवतो. स्केटवर वेगात असताना जागच्या जागी थांबता येत नाही. म्हणून समोरच्याला पायांनी नाही, अंगानं फसवायचं. खांदा एकीकडे टाकायचा, भार दुसरीकडे न्यायचा आणि मोठं वळण घेऊन निघून जायचं. आणि मोकळी जागा कुठे होणार आहे ते आधीच ओळखायचं, कारण पोचल्यावर विचार करायला वेळ नसतो. ही हालचाल लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक गोलात ती दिसेल.

कारखान्यात फिटरचं काम शिकला. मग युद्ध, पूर्वेकडे स्थलांतर, सैबेरियातलं ओम्स्क, सैन्यातली भरती. या वर्षांचं चित्रण आमच्याकडे नाही.

(मॉस्को, 1945. भरलेलं स्टेडियम, लष्करी टोप्या.)

लाल सैन्याचा क्लब त्सेदेका. लोक त्याला ‘लेफ्टनंटांची टीम’ म्हणायचे. प्रशिक्षक बोरिस अर्काद्येव्ह. आक्रमणाच्या मध्यभागी ग्रिगोरी फेदोतोव्ह, जो पुढे सोव्हिएत लीगमध्ये शंभर गोल करणारा पहिला खेळाडू ठरला. असा माणूस संघात असताना नव्या सेंटर फॉरवर्डला जागा कुठली? मे महिन्यात लोकोमोटिव्हविरुद्ध बोब्रोव्ह बदली खेळाडू म्हणून उतरला आणि दोन गोल मारून बाहेर आला. अर्काद्येव्हनं मग दोघांनाही मध्ये खेळवलं. बचाव करणाऱ्यांनी धरायचं कोणाला? मोसम संपला तेव्हा या नवख्याच्या नावावर 24 गोल होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

आणि आता, ज्यासाठी आम्ही ही फिल्म करायला घेतली ती रिळं.

(लंडन, 13 नोव्हेंबर 1945. स्टॅमफर्ड ब्रिज.)

युद्ध संपून जेमतेम काही महिने झालेत. मॉस्को डायनॅमोचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आलाय, आणि त्यानं आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून, त्सेदेकाकडून, एक माणूस उसना आणलाय: बोब्रोव्ह.

हे बघा, मैदानात उतरताना काय घेऊन येतायत. फुलं! प्रत्येकाच्या हातात गुच्छ. चेल्सीच्या एकेका खेळाडूला एकेक. त्या अवघडलेल्या इंग्लिश हातांकडे बघा. गुच्छ धरायचा कसा, ठेवायचा कुठे, कोणालाच कळत नाहीये. त्याआधी रशियन संघ बराच वेळ मैदानावर चेंडू घेऊन अंग मोकळं करत होता. प्रेक्षकांना त्याचंही नवल, कारण सामन्याआधी असं काही करायची इंग्लंडमध्ये पद्धतच नव्हती.

तिकिटाचा अधिकृत आकडा 74,496. पण छपरावर चढलेली, साइडलाइनला खेटून बसलेली माणसं त्यात धरलेली नाहीत. कोपऱ्यात बघा, कॉर्नर मारायला जागा करून द्यावी लागतेय.

हाफटाइमला चेल्सी 2-0 नं पुढे. डायनॅमोची एक पेनल्टीही वाया गेलेली. मग दोन गोल परत आले. मग टॉमी लॉटननं हेडरनं चेल्सीला पुन्हा पुढे नेलं. आणि शेवटच्या काही मिनिटांत बोब्रोव्ह. 3-3. इंग्लंडमध्ये आजही काहीजण म्हणतात, तो ऑफसाइड होता. रीळ आम्ही पाच वेळा पाहिलं. आमचं मत आम्ही आमच्याकडेच ठेवतो.

चार दिवसांनी कार्डिफ, 10-1. त्यात बोब्रोव्हचे तीन.

(21 नोव्हेंबर. व्हाइट हार्ट लेन. पडद्यावर फक्त राखाडी.)

चित्र खराब नाही. ते धुकं आहे. या धुक्यात डायनॅमो आणि आर्सेनल यांच्यात नव्वद मिनिटं फुटबॉल खेळला गेला. आर्सेनलचं हायबरी मैदान युद्धकाळात नागरी संरक्षणाकडे गेलेलं, म्हणून सामना टॉटनहॅमच्या घरी. उसनवारी इकडेही होतीच: आर्सेनलच्या शर्टात स्टॅन्ली मॅथ्यूज आणि स्टॅन मॉर्टेन्सन. पंच सोव्हिएत, निकोलाय लातिशेव्ह. त्यानं दोन्ही लाइन्समन एकाच बाजूला उभे केले आणि दुसरी बाजू स्वतः सांभाळली. इंग्रजांना ही पद्धत ठाऊक नव्हती. डायनॅमोचे काही वेळ बारा खेळाडू मैदानात होते असंही सांगतात. त्या धुक्यात मोजणार कोण?

पहिल्याच मिनिटाला गोल, बोब्रोव्ह. आणि दुसऱ्या अर्धात 3-3 असताना निर्णायक गोल, पुन्हा बोब्रोव्ह. 4-3. प्रेक्षकांना जे दिसलं नाही ते रशियात घरोघर ऐकलं जात होतं, वादिम सिन्याव्स्कीच्या रेडिओवरच्या समालोचनातून. ग्लासगोत रेंजर्सशी 2-2 झाल्यावर डायनॅमो न हरता घरी गेली. चार सामन्यांत बोब्रोव्हचे सहा गोल.

(डिसेंबर. पुन्हा बर्फ.)

1946 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघात आइस हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. बँडीवाल्यांनी छोट्या काठ्या घेतल्या, चकती घेतली आणि शिकत शिकत खेळले. बोब्रोव्ह अर्थातच त्यात. इथे तो गोलकीपरच्या समोरून आडवा जातो, खांदा टाकतो, तोल गेला की चकती रिकाम्या जागेत सरकवतो. ओळखीचं वाटतंय ना? तळ्यावरचा तो मुलगा आठवा.

उन्हाळ्यात फुटबॉल, हिवाळ्यात हे. गुडघ्यांना मात्र उन्हाळा-हिवाळा कळत नव्हता. बचावपटू त्यांच्यावरच नेम धरायचे. तरी 1948 च्या फुटबॉल लीगचा शेवटचा सामना बघा. डायनॅमो एका गुणानं पुढे, त्सेदेकाला विजयच हवा. 2-1 नं पुढे असताना त्सेदेकाच्याच कोचेत्कोव्हच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्या गोलमध्ये. सामना संपायला थोडाच वेळ, आणि खांबाजवळ सुटलेल्या चेंडूवर सगळ्यात आधी पोचला तो हाच. 3-2, आणि विजेतेपद.

(जानेवारी 1950. हॉकी संघाचा फोटो. संगीत नाही.)

हवाई दलाचा संघ. स्टालिनचा मुलगा वासिलीनं जमवलेला. बोब्रोव्ह नुकताच याच संघात आला होता. 7 जानेवारीला स्वेर्दलोव्स्कच्या विमानतळाजवळ त्यांचं विमान कोसळलं. 11 खेळाडू, डॉक्टर, मालिशवाला आणि विमानाचे सहा कर्मचारी, सगळे गेले. बोब्रोव्ह त्या विमानात नव्हता. कोणी म्हणतं घड्याळाचा गजर वाजला नाही, कोणी म्हणतं बदलीचे कागद अडले होते. तो रेल्वेनं गेला.

(फोटोवर थांबावं. दहा सेकंद.)

(फिनलंड, जुलै 1952.)

हेलसिंकी ऑलिंपिक. सोव्हिएत संघाचा पहिलाच ऑलिंपिक फुटबॉल, आणि कर्णधार बोब्रोव्ह. 20 तारखेला तांपेरेत समोर युगोस्लाव्हिया. त्या दिवसांत टिटो आणि स्टालिन यांच्यातून विस्तव जात नव्हता, त्यामुळे हा नुसता सामना नव्हताच. तासाभरात स्कोअर 5-1, युगोस्लाव्हियाच्या बाजूनं.

पुढचा अर्धा तास तो गुडघ्यांचा माणूस कसा खेळला ते शब्दांत सांगणं अवघड आहे. 75 व्या मिनिटाला त्रोफिमोव्ह. 77 व्या मिनिटाला बोब्रोव्ह, त्याचा दुसरा. 87, बोब्रोव्ह, हॅटट्रिक. 89, पेत्रोव्ह. 5-5.

दोन दिवसांनी पुन्हा सामना. सोव्हिएत संघ 3-1 नं हरला. ऑगस्टमध्ये अर्काद्येव्हचा किताब काढून घेतला आणि लेफ्टनंटांची टीमच बरखास्त केली. बोब्रोव्ह तेव्हा त्या क्लबात नव्हताही.

(बर्फ. 1954, स्टॉकहोम. मग 1956, कोर्तिना.)

फुटबॉल संपत आला तरी हिवाळा होताच. 1954 मध्ये सोव्हिएत संघ आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला, कॅनडाला 7-2 नं हरवलं आणि विजेता झाला. दोन वर्षांनी कोर्तिनात ऑलिंपिक सुवर्ण. दोन्ही वेळा कर्णधार हाच. उन्हाळी ऑलिंपिकला फुटबॉलचा आणि हिवाळी ऑलिंपिकला हॉकीचा कर्णधार! सोव्हिएत लीगमध्ये फुटबॉलच्या 116 सामन्यांत 97 गोल, हॉकीच्या 130 सामन्यांत 254.

नंतर प्रशिक्षक. 1972 मध्ये कॅनडाच्या व्यावसायिकांशी झालेल्या आठ सामन्यांत सोव्हिएत संघाच्या बाकामागे उभा असलेला माणूस तोच. 1 जुलै 1979 ला गेला. वय 56.

(सेस्त्रोरेत्स्क. आजचं तळं. खेळ थांबलाय, चेंडू कडेच्या बर्फाच्या ढिगात गेलाय आणि दोघं काठीनं उकरून शोधतायत.)

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. निघताना मुलांना विचारलं, उन्हाळ्यात तुमच्यातले कितीजण फुटबॉल खेळतात? सगळ्यांनी हात वर केले. ढिगात चेंडू शोधणाऱ्या त्या दोघांनीसुद्धा, मागे न बघता.