लॅक्स्टनची चतुःसीमा

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. इथली तीन मोठी रानं बिनकुंपणाची आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. शेतकऱ्याची जमीन एका जागी नाही. तिन्ही रानांत त्याच्या पट्ट्या विखुरलेल्या. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसऱ्याला विश्रांती. मध्ययुगात इंग्लंडात ठिकठिकाणी अशीच शेती होती. पुढे जमिनी एकवटल्या, कुंपणं आली. लॅक्स्टनला मात्र ही रीत टिकली. 1635 सालचा गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. त्यात नांगर धरलेली माणसंसुद्धा काढली आहेत! असा नकाशा शाळेत भिंतीवर लावावा, मुलं भूगोल आवडीनं शिकतील.

पण मला सांगायचंय ते नोव्हेंबरअखेरच्या एका दिवसाबद्दल. त्या दिवशी गावातले शेतकरीच पंच होतात आणि गहू पेरलेल्या रानात उतरतात. लक्षात घ्या, फक्त गव्हाच्याच रानात. सोबत लाकडी खुंट्या आणि त्या ठोकायला हातोडा. चिखल तुडवत पट्टीमागून पट्टी बघायची. कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्टीत सरकला? कोणी सामाईक वाटेचं गवत नांगरून पेऱ्याखाली घेतलं? शंका आली की मोजायचं, आणि खरी हद्द जिथे असेल तिथे खुंटी ठोकायची. सगळ्यांदेखत! ज्यानं आगळीक केली, त्याचं नाव टिपलं जातं.

आपल्याकडे बांध कोरला की दोन भावांची उमर तालुक्याच्या कोर्टात जाते. माझं ठाम मत आहे, बांधाचा निवाडा बांधावरच व्हावा, आणि ज्यांचे पाय त्या मातीत आहेत त्यांनीच तो करावा.

तर, आठवड्यानं गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये न्यायसभा बसते. तिला कोर्ट लीट म्हणतात. दंड ठरतो तो तिथे. इंग्लंडातल्या अशा बहुतेक जुन्या सभांचे अधिकार 1977 च्या कायद्यानं गेले, लॅक्स्टनचे राहिले. त्याच बैठकीत पुढच्या वर्षाचे पंच नेमतात. तोवर गहू दुसऱ्या रानात गेलेला असतो. म्हणजे तीन वर्षांत तिन्ही रानांची पाहणी होते. पंच बदलत असल्यानं आज खुंटी ठोकणाऱ्याची पट्टी उद्या शेजारी मोजतो.