भाद्रपदाच्या आधी

मंडळी, नमस्कार. गड्ड्याची यात्रा आली की माझ्या जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर खोकी दिसायला लागतात. चादरींची, बिस्किटांची, जी हाताशी असतील ती. आत फाटक्या टॉवेलवर चार-पाच पिल्लं. हे संक्रांतीच्याच सुमारास का होतं? कुत्र्या भाद्रपदात माजावर येतात, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. गर्भ राहतो ६३ दिवस. पिल्लं दिवाळीच्या मागंपुढं जन्मतात, संक्रांतीला दोन महिन्यांची होतात, आईचं दूध तुटतं, दारात घाण करायला लागतात. मग खोकं शोधलं जातं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरानं मांजरीची पाच पिल्लं आणली. डोळेसुद्धा उघडले नव्हते. ‘डॉक्टर, झोपवा,’ म्हणाले. मी झोपवली. पाचही निरोगी होती. आजारानं तडफडणाऱ्या जिवाला दिलेली सुई वेगळी आणि ती सुई वेगळी, हे मला त्या रात्री कळलं. निरोगी जीव मारायची वेळच येऊ नये म्हणून काय करावं, तेव्हापासून मी या एकाच प्रश्नामागं आहे.

सोलापुरात कुठंही बोललो की लोक म्हणतात, ‘एक मोठा निवारा काढा, सगळी त्यात ठेवा.’ मला ते पटत नाही. कारण नीट ऐका.

अमेरिकेत निवाऱ्यांना तोटा नव्हता. तरी १९७० च्या दशकात तिथं दरवर्षी सव्वा कोटीहून जास्त कुत्री-मांजरं निवाऱ्यांत मारली जात असल्याचे अंदाज आहेत. त्यांतली कितीतरी धडधाकट होती, फक्त त्यांना ठेवायला पिंजरा नव्हता. २०१९ च्या अंदाजात हा आकडा वर्षाला सुमारे ९ लाख २० हजारांवर आला. हेही फार आहेत, पण उतार केवढा! मुळात आत येणारे प्राणी कमी झाले आणि बाहेर घर मिळणारे वाढले. लॉस एंजेलिस शहरानं १९७१ मध्ये कमी पैशांत नसबंदी करणारा दवाखाना काढला. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शहराचं प्राणी खातं आणि तिथली प्राणिरक्षण संस्था यांच्यात करार झाला, की दत्तक देण्याजोगा एकही प्राणी मारायचा नाही, शहराकडं उरेल तो संस्थेनं घ्यायचा. सगळ्यांत आधी मरायची ती मांजरीची तान्ही पिल्लं, कारण त्यांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं आणि रात्री तिथं माणूस नसतो. ती काही आठवडे कुणाच्या तरी घरी सांभाळायला द्यायला लागले, तशी ती जगली. (आपल्याकडं अशी पिल्लं सापडली तर गाईचं दूध पाजू नका, जुलाब होऊन जातात.)

आपल्याकडं मारण्याचा इतिहास जुना आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारनं कुत्री मारायला बक्षीस लावलं, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. मद्रासमध्ये ब्लू क्रॉस ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था १९६४ पासून सांगत होती, मारू नका, नसबंदी करा. पालिकेनं ते ऐकलं १९९६ मध्ये. मधली सगळी वर्षं मारणं चालूच होतं, आणि कुत्री कमी झाली नाहीत. मटणाच्या दुकानामागं आतडी पडत राहिली तर रिकामी झालेली जागा शेजारच्या गल्लीतलं कुत्रं घेतं. पुढं भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारचे २००१ चे नियम आले, मग २०२३ चे. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि त्याच जागी सोडा. दयामरण फक्त असाध्य आजाराला आणि वाचणारच नाही अशा जखमेला.

पण कायद्यानं सुई थांबली तरी गर्दीतलं मरण थांबत नाही. शंभरांच्या जागेत तीनशे कुत्री कोंडली की पार्व्हो शिरतो, डिस्टेंपर शिरतो, हे दोन्ही कुत्र्यांचे साथीचे रोग, आणि पिल्लं आठवड्यात संपतात. त्याला निवारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चावण्याची भीती खरी आहे, ती मी हलकी करत नाही. चावलं की जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. मात्र चावणारी पुष्कळदा पिल्लांवर बसलेली आई असते. पिल्लंच झाली नाहीत तर ती कुणावर धावेल?

विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत एक आजी एका कुत्रीला रोज भाकरी घालतात. तिच्या ऑपरेशनचं विचारायला गेलो, तर त्या तेलुगू-मराठी मिसळून म्हणाल्या, ‘तिची कूस बंद केली तर पाप मला लागेल की.’ मी वाद घातला नाही. मागच्या तीन विणींतली किती जगली, एवढंच विचारलं. त्या विड्या वळायच्या थांबल्या, बोटांवर मोजलं. एकोणीसपैकी दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कुत्रीला पदराच्या तुकड्यानं बांधून, उपाशी ठेवून, रिक्षातून आणली. आज ती कान कापलेली कुत्री त्यांच्या दाराशी झोपते आणि त्या गल्लीतून खोकं येत नाही.

आता ज्येष्ठ चालू आहे. भाद्रपदाला अजून अवकाश आहे. मी सभेनंतर दाराशी वही घेऊन बसतो. आपल्या गल्लीत कुठली कुत्री, कुठली मांजर राहते आणि तिला हात लावू देणारं माणूस कोण, एवढं लिहून जा.