दोन-चारच!

पर्वतीला १०३ पायऱ्या. शाळेत असताना हे गृहस्थ त्या पळत चढायचे. आता वय ४७. चाळिसाव्या पायरीवर थांबलेत, हात कठड्यावर, नजर मोबाइलवर. मेसेज वगैरे काही आलेला नाही. दम लागलाय, पण कबूल कोण करणार!

नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बैठक, तासाला चहा, चहासोबत सिगारेट. शटर ओढलं की गाडीवरची भुर्जी. पंचवीस वर्षं हेच. धाकट्या मेव्हण्याला मध्यरात्री ॲडमिट करावं लागलं, तेव्हा बायकोने यांच्याही तपासणीची वेळ घेऊन टाकली. यांना न विचारता.

उपाशीपोटी रक्त दिलं. कमरेला टेप लागली: १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९० ची. मग फॉर्म. रोज सिगारेट किती?

"दोन-चारच."

शेजारून आवाज आला, "पाकीट लिहा."

छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावून ईसीजी निघाला. नॉर्मल. "बघ, म्हटलं नव्हतं!" टेक्निशियन मात्र खूश दिसत नाही. आडवं पडलेल्या माणसाच्या हृदयाला काम ते किती? रक्तवाहिनी अरुंद झालेली असली, तरी तेवढ्यापुरतं रक्त भागतं. खरी तंगी कळते ती चढावर.

म्हणून टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी. खोलीतली पर्वतीच ही. सुरुवातीचा वेग ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे तुळशीबागेतल्या गर्दीतली चाल. पण चढ १० टक्के. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. २२० मधून वय वजा केलं की उरतात १७३ ठोके. त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १४७ पर्यंत हृदयाला पळवायचं. हे सातव्या मिनिटालाच तिथे पोचले. इथे मोबाइल बघत उभं राहायची सोय नाही.

आलेखात धोक्याची खूण नाही. म्हणजे सगळं आलबेल, असं नव्हे. रक्तदाब दोनदा मोजूनही १५०/९४. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, ६.५ ला मधुमेह म्हणतात.

डॉक्टर गोळ्या लिहितात. "सिगारेट?"

"सोडणार ना."

"तारीख सांगा."

"गणपती झाले की."

बाहेर मे महिन्याचं ऊन. डॉक्टर पेन धरून बायकोकडे बघतात.

"उद्या," ती म्हणते. फाइलवर उद्याची तारीख पडते.