चौरस, आयताकृती की लांबच लांब?

नमस्कार श्रोतेहो. मोबाइलचा कॅमेरा उघडला की १:१, ४:३, १६:९ असे फोटोच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचे आकडे दिसतात, आणि बाजूला पॅनोरमा, म्हणजे कॅमेरा फिरवत घेतलेला लांबच लांब फोटो. यातलं काय घ्यायचं ते बटण दाबण्याआधी ठरवा. आधी आकार, मग बटण.

चौरस चौकट एकट्या वस्तूला शोभते. वरून टिपलेलं वाढलेलं ताट, दारातली रांगोळी, समोरून एक चेहरा.

आयताकृती फोटोत घोटाळा होतो तो प्रिंट काढताना. मोबाइलचा फोटो ४:३, आणि स्टुडिओतला कागद ४ बाय ६ इंच. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार होते. कागद तर चारच इंचांचा! अर्धा इंच कापला जातो, तो डोक्यावरचा नाहीतर पायाखालचा. म्हणून वर-खाली जागा सोडा. आणि फ्रेममध्ये बसत नाही म्हणून घरातले जुने फोटो कात्रीने कापू नका हो. फ्रेम फोटोच्या मापाची करून मिळते.

आता पॅनोरमा. १९०४ साली अमेरिकेत सर्कट नावाच्या कॅमेऱ्याचं पेटंट झालं. चावी दिली की हा कॅमेरा तिपाईवर सावकाश गोल फिरायचा आणि आतली फिल्म एका उभ्या फटीमागून सरकत जायची. फटीसमोर येईल तेवढंच त्या क्षणी उमटायचं. अख्ख्या शाळेचा फोटो असा निघे. मुलांना सरळ रांगेत उभं करत नसत, तर कॅमेऱ्याभोवती कमानीत. सगळे सारख्या अंतरावर, म्हणजे फोटोत रांग सरळ दिसते. रांग सरळ लावली, तर मधले मोठे, टोकाचे बारके आणि रांग मधोमध फुगलेली! तर एखादं द्वाड पोरगं सुरुवातीच्या टोकाला उभं राहायचं. कॅमेरा आपल्यावरून पुढे सरकला रे सरकला की रांगेमागून धूम पळत दुसरं टोक गाठायचं, आणि कॅमेरा तिथे पोचेपर्यंत शहाण्यासारखं उभं! धुऊन आलेल्या फोटोत तेच पोर दोन्ही टोकांना.

तुमचा मोबाइलही असाच पट्टी-पट्टीने फोटो जोडतो. लग्नातल्या तीस माणसांना कमानीतच उभं करा. पुन्हा सांगते, कमानीत. फोन उभा धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा आणि पावलांवर जागच्या जागी वळा. हात लांब करून फिरवलात तर फोनची जागा सरकते आणि जवळचा खांब, कठडा तुटलेला येतो. बऱ्याच फोनवर सुरुवातीला चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड पक्का होतो; नाहीतर मांडवातल्या दिव्यांपाशी फोटोचा रंग बदलतो. फोन पुढे जाईपर्यंत कुणी मान वळवायची नाही, नाहीतर चेहरा चिरलेला येतो. लहान मुलं सुरुवातीच्या टोकाला ठेवा, त्यांची सुटका आधी होते. फक्त मागून कुणी पळत नाही ना, एवढं बघा.